अप्पांच्या हाकेची नोंद

ऑफिसात तिला सगळे कोतवाल म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, त्यामुळे तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. काम तसंच होतं. कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी गळ्यात घालायचं एक लाल बटण बनवायची. एकट्या राहणाऱ्या माणसाला चक्कर आली, तो पडला, छातीत कळ आली, की त्यानं बटण दाबायचं. मग कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये घंटा वाजायची, तिथली मुलगी बटणातूनच त्याच्याशी बोलायची आणि त्याच वेळी नातेवाइकांचे फोन वाजायचे. बटणं बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. या सगळ्या पसाऱ्यात हाक कुठे अडकतेय, कुठलं बटण मुकं झालंय, कुठे काय बिघडतंय, यावर डोळ्यात तेल घालून पहारा करायचा, हे कोतवालचं काम.

आणि ती ते करायची, उगीच कुणाला नाव पडत नाही. ती यायच्या आधी त्या पहाऱ्याची पार रया गेली होती. स्क्रीनवर दिवसभर लाल ओळी धावत. 'काहीतरी चुकले.' 'पुन्हा चुकले.' 'अज्ञात त्रुटी.' काय चुकलं, कुणाचं चुकलं, आता पुढे काय करायचं, कशाचाच पत्ता नाही. इशाऱ्याच्या घंटा इतक्या वाजत की लोक त्यांचा आवाज बंद करून खुशाल डबे खात बसत. लांडगा आला रे आला, अशी गत झालेली. कोतवालनं आल्या आल्या पदर खोचला. प्रत्येक नोंदीत कोण, काय, कधी, कुठे आणि पुढे काय केलं, हे साध्या भाषेत आलंच पाहिजे. कुणीतरी खुर्चीतून उठायची गरज असेल तरच घंटा वाजेल. आणि यंत्रणेनं एखादी गोष्ट बाजूला टाकली, तर का टाकली त्याचं कारण लिहायचंच. इंजिनियर मंडळी कुरकुरली, पण महिनाभरात खोली शांत झाली आणि मग तेच लोक ही शांतता आपणच आणल्यासारखे मिरवू लागले.

सगळ्यात जास्त गोंगाट चाचणीच्या बटणांचा होता. इंजिनियर स्वतःच दिवसभर बटणं दाबून बघत आणि प्रत्येक वेळी खरी घंटा खणखणे. कोतवालनं त्या बटणांची यादी केली आणि त्यांच्या हाका एका वेगळ्या खणात वळवल्या. त्या खणाला सगळे अडगळ म्हणत. तिथे घंटा नाही, नेहमीच्या शोधात तिथलं काही येत नाही, महिन्याभरानं जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जात. हे काम तिला स्वतःलाही फार आवडलं होतं.

त्या सकाळी ती खुर्चीत टेकते न टेकते तोच दादाचा फोन आला. दादा तिचा थोरला भाऊ, त्याचं चष्म्याचं दुकान होतं. अप्पा बाथरूममध्ये पडले होते. आई गेल्यापासून अप्पा जुन्या गावातल्या घरी एकटेच राहत, बसनं दोन-अडीच तासांवर. शेजारच्या बाई रोजच्यासारखा पेपर द्यायला आल्या, दार वाजवून थकल्या आणि शेवटी त्यांच्याकडच्या किल्लीनं आत गेल्या. हाड मोडलं नव्हतं, कोपर सोललं होतं आणि गार फरशीवर पडून राहिल्यामुळे अंग आखडून गेलं होतं. दादानं सगळं सांगितलं आणि मग म्हणाला, की अप्पा म्हणतायत मी बटण दाबलं होतं, कुणी आलंच नाही.

कोतवालनं लगेच स्क्रीन उघडली. फोन कानालाच ठेवून तिनं अप्पांचं बटण शोधलं. ते हिरवं होतं. प्रत्येक बटण थोड्या थोड्या वेळानं आपण जिवंत असल्याचं कळवत असे, बॅटरी किती आहे तेही सांगत असे. अप्पांच्या बटणानं आदल्या रात्रीपासून एकदाही हजेरी चुकवली नव्हती. सगळ्या नोंदी एकाखाली एक, 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. पण बटण दाबल्याची नोंद नव्हती. तिनं नावानं शोधलं, नंबरानं शोधलं, आदल्या आठवड्यापासून शोधलं. कुठेच नव्हती. तिला काही सुधरेना.

तिच्या हिशेबी दोनच गोष्टी शक्य होत्या. बटण बिघडलेलं असणार, नाहीतर वाटेत हाक अडकलेली असणार. वाटेत अडकली असती तर अडकल्याची नोंद झाली असती, ती सोय तिनं स्वतःच केली होती. म्हणजे बटण. तिनं त्याच दिवशी त्या गावचा मेकॅनिक अप्पांकडे पाठवला. त्यानं आपलं तपासणीचं यंत्र बटणाजवळ धरलं, बटण दाबलं, यंत्र पिपाणीसारखं वाजलं, दिवा लागला. अशा तपासणीतली हाक त्या यंत्रातच थांबे, ऑफिसापर्यंत पोचत नसे. बटण एकदम फर्स्टक्लास आहे बाई, असं त्यानं फोनवर कळवलं आणि अप्पांनी केलेला चहा पिऊन तो गेला.

मग राहिले अप्पा. ती गोष्ट मनात आणायचीसुद्धा तिला लाज वाटत होती. अप्पांनी सगळं आयुष्य एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं होतं. दुसऱ्याच्या चुका पकडायच्या आणि स्वतः करायच्या नाहीत, यावरच त्यांचं पोट चाललं होतं. घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे ते डोळे मिटून सांगत. असा माणूस न दाबलेलं बटण दाबलं म्हणेल? पण नोंद नव्हती. तिनं संध्याकाळी त्यांना फोन केला आणि जमेल तेवढं मऊ बोलली.

"अप्पा, मी नीट बघितलं. बटण दाबल्याची नोंद नाहीये."

"असं कसं? मी दाबलं गं. चांगलं दाबून धरलं."

"घाबरल्यावर होतं असं. दाबायचं मनात असतं, पण हात पोचत नाही."

अप्पांनी विचारलं, "तुझ्याकडे नोंद नाही म्हणतेस?"

"नाही."

"मग नसेल दाबलं."

इतक्या पटकन ते मागे हटले की तिला चुकल्यासारखं झालं. भांडले असते, तर तिनं आणखी खोलात जाऊन पाहिलं असतं कदाचित. पण अप्पांचा स्वभाव तसा नव्हता. छापखान्यात त्यांनी एकच धडा गिरवला होता. डोळा फसवतो, आठवण तर त्याहून फसवते, शंका आली की मूळ प्रत काढायची. मूळ प्रतीत असेल ते खरं, बाकी सगळा आपला भास. मुलीच्या स्क्रीनवरची नोंद ही त्यांच्या दृष्टीनं मूळ प्रत होती. त्यांनी मुकाट्यानं स्वतःवर खूण केली आणि चूक दुरुस्त करून टाकली.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच झालं. या वेळी स्वयंपाकघरात चक्कर आली, ते ओट्याला धरून खाली बसले आणि बऱ्याच वेळानं आपले आपण उठले. हे त्यांनी लगेच सांगितलंच नाही. रविवारच्या फोनवर इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर चाचरत म्हणाले, की मला वाटतं मी दाबलं होतं, पण तू बघ बरं. तिनं बघितलं. सगळं हिरवं, सगळं 'ठीक'. दाबल्याची नोंद नव्हतीच. डोकं भंजाळून गेलं तिचं. दादाला सांगितलं, तर तो म्हणाला की यात गोंधळ कसला, सरळ आहे, अप्पांचं डोकं साथ सोडायला लागलंय, आपल्याला मान्य करायचं नाही एवढंच. ती त्याच्यावर चिडली. पण रात्रभर तिच्या मनात तेच घोळत राहिलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवारी ती बसनं अप्पांकडे गेली. जाताना तिनं दोन्ही दिवसांच्या सगळ्या नोंदी कागदावर छापून नेल्या. हे तिनं का केलं, ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. त्यांना पटवायचं होतं, की आपणच स्वतःला पटवत होतो? अप्पांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि सवयीप्रमाणे एकेका ओळीखाली ती सरकवत कागद वाचला. मध्येच एका ठिकाणी वेलांटी चुकली होती, तिथे खूण करून त्यांनी समासात दुरुस्ती लिहिली. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, की मूळ प्रत हीच ना? ती हो म्हणाली. ते म्हणाले, मग माझंच वाचन चुकलं असणार. हे ते इतकं शांतपणे म्हणाले की तिला उठून त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण तिनं नुसतीच मान हलवली.

आता कुणीही म्हणेल, की अगं बाई, तिथल्या तिथे त्यांना बटण दाबायला लावायचं ना. तिनं म्हटलंही. अप्पा तयार होईनात. उगीच दाबलं तर तिकडे माणसं धावतात, आणि माझ्या खोट्या हाकेपायी कुणाची खरी हाक मागे राहील, असं त्यांचं म्हणणं. मुलीनंच त्यांना हे बटण गळ्यात घालताना शिकवलं होतं. मेकॅनिकनं तर बटण तपासलंच होतं. तिनं फार ताणलं नाही. शहाण्या माणसांना एकदा उत्तर सापडलं की ती पुन्हा प्रश्नाकडे वळत नाहीत, त्यातलीच ही.

त्यानंतर अप्पा बदलले. गॅस बंद केला की नाही, हे ते तीनतीनदा बघायला लागले. पेपर वाचून झाल्यावर शेजारच्या बाईंना विचारायचे, की मी आज पेपर वाचला का हो? दादा ही सगळी लक्षणं गोळा करत होता. त्यानं मेंदूच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि तिघं जण तिथे गेले. बाई भल्या होत्या, घाई करत नव्हत्या. त्यांनी अप्पांना वार विचारला, महिना विचारला, घड्याळ काढायला सांगितलं. अप्पांचं एकही उत्तर चुकलं नाही. पण प्रत्येक उत्तरानंतर ते कोतवालकडे बघत आणि म्हणत, असं मला वाटतं, तुम्ही एकदा खात्री करून घ्या. डॉक्टरीणबाई लिहून घेत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, की न घडलेलं घडलं असं ते किती वेळा म्हणालेत, त्याचा काही पुरावा आहे का? दादानं बहिणीकडे पाहिलं. तिनं तोच कागद काढून दिला.

सुरुवात असू शकते, असं डॉक्टरीणबाईंचं मत पडलं. नक्की काही सांगता येत नाही, पण एकटं ठेवू नका. दादाच्या घरी दोन खोल्यांत पाच माणसं, कोतवाल भाड्याच्या खोलीत आणि दिवसभर ऑफिसात. मग ठरलं ते एकच. दादानं शहराच्या कडेचा एक वृद्धाश्रम पाहिला, स्वच्छ होता, तिथे अप्पांसाठी खोली धरली. पुढच्या रविवारी अप्पांना न्यायचं, गावातलं घर बंद करायचं. ज्या घरात अप्पा लग्नानंतर राहायला आले, आई जिथे गेली, ते घर. अप्पा हो म्हणाले. तुम्हाला दोघांना माझ्यापेक्षा नीट दिसतंय, असं म्हणाले. कोतवालला हुंदका आला, पण कशाचा, ते कळेना. सगळं बरोबर चाललं होतं आणि तरी कुठेतरी काहीतरी साफ चुकलंय, असं आतून कुणी तरी सारखं सांगत होतं. पण ते सांगताना ना कोण, ना काय, ना कुठे. असली मोघम नोंद तिनं ऑफिसात कुणाची चालवून घेतली नसती.

बुधवारी दुपारी ऑफिसात घंटा वाजली. फार दिवसांनी वाजली म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या. घंटेबरोबरची नोंद अगदी नमुनेदार होती. 'अडगळीची जागा संपत आली आहे. जुन्या नोंदी पुसण्याचे काम पाच दिवस बंद पडले आहे. कुणीतरी येऊन पाहावे.' कोतवालला बरं वाटलं. निदान इथे तरी काय बिघडलं ते कळत होतं. जागा कोण खातंय, ते बघायला तिनं अडगळ उघडली.

इंजिनियर मंडळींनी दाबलेल्या बटणांचा नुसता खच पडला होता. ते एका दमात वीस-वीस वेळा दाबत, जेवायच्या सुट्टीत थांबत, संध्याकाळी घरी जात. त्या गर्दीत एका बटणाची तऱ्हा वेगळीच होती. ते पहाटे दाबलं गेलं होतं. एकदा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एकदा, पण या वेळी खूप वेळ दाबून धरलेलं. मग पुन्हा. पहाटेच्या वेळी ऑफिसात कोण कडमडलं, असं मनाशी म्हणत तिनं नंबर वाचला, मग पुन्हा वाचला. नंबर अप्पांचा होता. तारीख गेल्या आठवड्यातली.

पहिल्यांदा तिला रागच आला. आपल्या वडिलांच्या नंबरावर चाचण्या कोण करतंय? ती उठली आणि टेबलाटेबलाशी जाऊन विचारत सुटली. एकानं कानावर हात ठेवले, दुसरा म्हणाला, मी तर पहाटे ढाराढूर असतो. गेल्या आठवड्यात आपण पुन्हा पडलो होतो, असं अप्पा बोललेच नव्हते, मग हे दाबलं कुणी? बटण गावात, अप्पांच्या गळ्यात. नोंद इथे, अडगळीत. दोन्हींची सांगड काही केल्या बसेना. शेवटी ती मधाळपाशी पोचली. मधाळ हा विक्रीचा माणूस. त्याची जीभ अशी की समोरच्यानं नकार दिला तरी त्याला आपण होकार दिल्यासारखं वाटे. पाहुणे आले की तो त्यांना भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनसमोर उभं करून अगदी सुरुवातीची दहा बटणं दाखवायचा. ती कायम हिरवी असत.

"तुमच्या अप्पांचं?" तो म्हणाला. "ते तर पहिल्या दहातलं ना? आपण विकायला सुरुवात करायच्या आधी तुम्हीच त्यांच्या गळ्यात घातलं होतं, चाचणीसाठी. मी पाहुण्यांना रोज सांगतो, हे आमच्या कोतवालबाईंचे वडील."

कोतवाल आपल्या जागेवर परत आली आणि बसली. पुढे बटण विकायला आलं तेव्हा अप्पांना नवं बटण मिळालं होतं. नंबर मात्र जुनाच ठेवला होता, कारण म्हाताऱ्या माणसाला उगीच बदलाचा त्रास नको, असं सगळ्यांना वाटलं होतं. यादीतून तो नंबर काढायचं कुणालाच सुचलं नाही. 'मी ठीक आहे' ही हजेरी घंटा वाजवत नाही, म्हणून ती सरळ तिच्या स्क्रीनवर यायची. 'मला मदत करा' ही हाक घंटा वाजवते, म्हणून ती अडगळीत जायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिनं पूर्ण नोंद उघडली. तिच्याच नियमाप्रमाणे ती साध्या भाषेत होती, एक शब्द कमी नव्हता. 'कोण: अप्पा. काय: बटण दाबले, दाबून धरले. कुठे: घरी. पुढे काय केले: पाठवले नाही. कारण: चाचणीचे बटण आहे, माणूस नाही.'

ही शेवटची ओळ कुणा इंजिनियरनं लिहिली होती, आणि तिनंच ती वाचून, सुटसुटीत आहे म्हणून शाबासकी दिली होती. ती टेबलावर डोकं टेकून रडली. बाथरूममधली हाक, स्वयंपाकघरातली हाक, त्या दोन्ही महिना उलटला म्हणून पुसल्या गेल्या होत्या, आता कधीच मिळणार नव्हत्या. पुसण्याचं काम बंद पडलं नसतं, जागा भरली नसती, तर ही उरलेलीही कुणी पाहिली नसती. आणि गेल्या आठवड्यात पडल्यावर अप्पांनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही, याचा अर्थ आता तिला नीट लागत होता. नोंद असेल तर ती विचारेल, तिनं विचारलं नाही म्हणजे आपण पडलोच नाही, असा त्यांनी हिशेब केला होता.

तिनं नंबर यादीतून काढला, बाकीचे नऊ तपासले, त्यात आणखी दोन खरी माणसं निघाली, त्यांच्या घरी फोन करवले. मग पर्स उचलून ती तडक बसस्टँडवर गेली. बसमधून दादाला फोन केला. दादा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, की म्हणजे आपण त्यांना वेड्यात काढलं. ती म्हणाली, हो. तो म्हणाला, खोलीचं मी बघतो, रद्द करतो, डॉक्टरीणबाईंनाही सांगतो, तू आधी त्यांच्याकडे पोच.

अप्पा पुस्तकं खोक्यात भरत होते. तिला अवेळी बघून दचकले, मग त्यांना वाटलं आपणच दिवस विसरलो. आज रविवार का, असं त्यांनी विचारलं. तिनं त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतः खाली फरशीवर बसली आणि सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, काही लपवलं नाही. तुम्ही प्रत्येक वेळी दाबलंत अप्पा. तुमचं काही चुकलं नाही, आमचं चुकलं. माझं चुकलं.

अप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "इतकं मनाला लावून घेऊ नये," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, ते कळतं मला."

तिनं फोनवर ती नोंद त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, दोनदा वाचली. मग म्हणाले, आधीच्या कागदात हे नव्हतं. ती म्हणाली, तो कागद चूक होता. अप्पा विचारात पडले. मूळ प्रती दोन कशा असतील, असं काहीतरी ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी तो जुना कागदही जपून ठेवला होता, घडी घालून, शब्दकोशात. तो काढून त्यांनी फोनशेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. त्यांना काही ठरवता येईना. तिलाही कळेना, की ज्या माणसाला आपणच पुराव्यानिशी खोटं ठरवलं, त्याला आता कुठल्या पुराव्यानं खरं ठरवायचं.

तिनं शेवटी त्यांचा हात धरला. म्हणाली, अप्पा, आत्ता दाबा. माझ्यासमोर. कुणाची हाक मागे राहणार नाही, मी सांगते ना. अप्पांनी खूप आढेवेढे घेतले. मग लहान मूल परीक्षेला बसावं तसे ते ताठ बसले, गळ्यातलं बटण हातात घेतलं आणि डोळे मिटून दाबलं.

तिच्या हातातला फोन खणखणला. क्षणभरात दादाचा फोन आला, आलं गं, माझ्याकडे आलं, असं तो दुकानातून ओरडत होता. आणि अप्पांच्या गळ्यातल्या बटणातून कॉल सेंटरमधल्या मुलीचा आवाज स्वच्छ घुमला.

"अप्पा, मी बोलतेय. तुम्ही ठीक आहात ना?"

अप्पांनी डोळे उघडले. त्या मुलीला त्यांनी उत्तर दिलं नाही. ते खाली वाकले, बटण हातानं झाकून धरलं आणि आपल्या लेकीच्या कानाशी येऊन हळूच विचारलं.

"काय सांगू गं तिला? तुझ्याकडे काय लिहिलंय?"